जास्वंदीच्या स्टॅकमध्ये दर वेळी 'भुतं' येतायत? सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे करून बघा

मंडळी, आधी प्रॉब्लेम काय तो नीट सांगतो, कारण हा एकदा येऊन जाणारा प्रॉब्लेम नाहीये, परत परत येतो. फुलाचा क्लोजअप काढायला बसायचं, तीस-चाळीस फ्रेम घ्यायच्या, प्रत्येक फ्रेमला फोकस थोडा थोडा मागे न्यायचा, मग कॉम्प्युटरवर सगळ्या एकत्र करायच्या (याला फोकस स्टॅकिंग म्हणतात, आणि तो फ्रेमचा गठ्ठा म्हणजे स्टॅक), छोट्या साइजला फोटो बघून खूश व्हायचं आणि शंभर टक्के झूम केलं की वाट लागलेली. पुंकेसरांच्या कडा डबल. परागकोशाच्या बाजूला त्याचंच एक फिकट भूत उभं. पाकळीवर मधेच एक पट्टा धूसर आणि त्याच्या पुढेमागे सगळं कडक शार्प. आणि काठाकाठाने धुरकट वलय, जसं काही फुलामागे कोणी उदबत्ती लावून ठेवलीय.

मी हे दीड वर्षं सहन केलं आणि त्या दीड वर्षात तीन सॉफ्टवेअर बदलली. फोटोशॉपमध्ये अलाइन आणि ब्लेंड करायचो, तिथून हेलिकॉन फोकसची ट्रायल, मग झेरीन स्टॅकरची ट्रायल. भूत तिन्हीकडे तेच, त्याच परागकोशाशेजारी. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की बाबा, तीन वेगवेगळे आचारी एकच भाजी खारट करतायत म्हणजे मीठ आधीच पडलेलं आहे. पण नाही आलं.

माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. विक्रोळीला राहतो, चौथा मजला, बिल्डिंग रेल्वे लाइनला जवळजवळ चिकटून. चोवीस मेगापिक्सेलची एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, १०० एमएम मॅक्रो लेन्स, दोन्ही सेकंडहँड. खिडकीच्या ग्रिलमध्ये लाल जास्वंदाची कुंडी आहे, ती आईची, म्हणजे फूल देवाला जायच्या आत माझं काम व्हावं लागतं. हे गमतीत नाही सांगत, टाइम लिमिट म्हणून सांगतोय.

आता मुद्द्याचं. स्टॅक बिघडला की सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये घुसायचं नाही. आधी एक टेस्ट करायची, पाच मिनिटांची. सगळं नेहमीसारखं लावा, फूल, कॅमेरा, लाइट, सगळं. फोकस मॅन्युअलवर टाका आणि परागकोशांवर लॉक करा. आणि मग फोकसला अजिबात हात न लावता वीस फ्रेम काढा, तेवढ्याच गॅपने जेवढ्या गॅपने तुम्ही स्टॅक काढता. आता त्या वीस फ्रेम कॉम्प्युटरवर उघडा, शंभर टक्के झूमवर एका परागकोशावर जा, आणि कीबोर्डचा बाण दाबून धरा. सिनेमासारखं पळवा. वीसच्या वीस फ्रेम सेम टू सेम दिसायला पाहिजेत, एक पिक्सेलसुद्धा हलता कामा नये. माझ्या पहिल्या टेस्टमध्ये परागकोश लेझीम खेळत होते.

एक पिक्सेल म्हणजे किती ते बघा, म्हणजे आपण कशाशी खेळतोय ते कळेल. चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा असतो. मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरचं चित्र खऱ्या वस्तूच्या किती पट, ते अर्ध्या पट असेल तर फुलावरचे ८ मायक्रॉन म्हणजे एक पिक्सेल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. म्हणजे केसाच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढं फूल हललं की एक पिक्सेल गेला. आणि आपण म्हणतो 'खोलीत वारा नव्हता'.

टेस्टमध्ये काय हलतंय यावरून रोग कळतो. फूल, मागचा कागद, सगळंच एकसारखं उडतंय तर कॅमेरा हलतोय. कागद स्थिर आणि फूलच डुलतंय तर हवा किंवा देठ. फूल एकाच दिशेला हळूहळू सरकत चाललंय, म्हणजे पहिली आणि विसावी फ्रेम यांत बराच फरक पण लागोपाठच्या दोनमध्ये जवळपास नाही, तर एकतर फूल स्वतः हलतंय, जिवंत आहे ते, नाहीतर ट्रायपॉडचं डोकं लेन्सच्या वजनाने हळूच झुकतंय. काहीच हलत नाही पण उजेड कमीजास्त होतोय तर लाइट. आणि यातलं काहीच नाही, सगळं दगडासारखं स्थिर, तरी स्टॅक बिघडतो, तर मग गडबड फोकसच्या स्टेपमध्ये (दर फ्रेमला फोकस किती सरकतो) किंवा सॉफ्टवेअरच्या मेथडमध्ये (फ्रेम जोडायची पद्धत) आहे. माझ्याकडे पहिली, दुसरी आणि तिसरी, तिन्ही एकत्र होती, म्हणून एवढा वेळ लागला.

हादऱ्यांचं आधी सांगतो, कारण मुंबईत हे जवळजवळ सगळ्यांकडे असणार, रेल्वे नाहीतर मेट्रोचं काम, ते नाहीतर शेजारच्या प्लॉटवर पायलिंग, तेही नाही तर वरच्या मजल्यावर कोणीतरी मसाला कुटतंय. लोकल गेली की जमीन हलतेय हे आपल्याला जाणवतच नाही, सवय झालेली असते. स्टीलच्या वाटीत पाणी भरून टेबलावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडाचं त्यातून छतावर पडलेलं कवडसं बघा. फास्ट लोकल गेली की कवडसं थरथरतं, मालगाडी गेली तर नाचतं, आणि ती लवकर संपतच नाही. मी आधी ट्रायपॉडला दोष दिला, खाली पिशवीत दोन लिटर पाण्याच्या बाटल्या लटकवल्या, काही फरक नाही. कारण हलत होती फरशी, आणि फरशीवर ट्रायपॉड एका जागी आणि फूल टेबलावर दुसऱ्या जागी, दोघं आपापल्या तालात हलत होते.

याच्यावर उपाय एकदम गावठी निघाला. कॅमेरा आणि फूल एकाच पाटावर बसवा. दोघं एकत्र हलले तर एकमेकांच्या हिशोबाने स्थिर राहतात, बस एवढंच. मी फरशीवाल्याकडून कडप्प्याचा एक तुकडा आणला, साधारण दोन फूट बाय एक फूट, किचनच्या ओट्यातून कापून उरलेला, त्याने जवळजवळ फुकटच दिला. त्याच्याखाली जुन्या हवाई चपलेचे चार तुकडे. वर एका टोकाला कॅमेरा, ट्रायपॉडचं फक्त डोकं काढून कडप्प्याला भोक पाडून बोल्टने बसवलंय, आणि दुसऱ्या टोकाला फूल. कडप्पा जड आहे आणि चप्पल मऊ आहे, म्हणून बारीक थरथर वर पोचेपर्यंत बरीच मरते. भोक पाडायचं नसेल तर छोटा टेबलटॉप ट्रायपॉड ठेवा त्याच्यावर, तेही चालतं, फक्त मधली दांडी वर काढू नका.

एवढं करूनही फूल डुललं, कारण देठ म्हणजे स्प्रिंग. खालून जरासा धक्का आला की वर फूल दहा सेकंद डोलत बसतं. देठाला फुलाच्या जितक्या जवळ पकडता येईल तितकं पकडा. त्याच्यासाठी विकतचे फोटोग्राफीवाले क्लॅम्प मिळतात पण मी लॅमिंग्टन रोडवरून सोल्डरिंगचा स्टँड आणला, तो दोन मगरचिमटेवाला, जड लोखंडी बेसचा. चिमट्याच्या दातांवर कापसाची वात गुंडाळली, नाहीतर देठ चिरडतो आणि अर्ध्या तासात फूल मान टाकतं. दुसरा चिमटा मागच्या पाकळीला, फ्रेमच्या बाहेरून, अगदी अलगद.

आता हवा. पंखा बंद करायचा हे कळतं हो सगळ्यांना. पण पंखा बंद केल्यावर लगेच शूट सुरू करायचं नाही, हवा खोलीत फिरत राहते, दोन-तीन मिनिटं थांबा. एसी पण बंद. खिडकी पण बंद. मे महिन्यात विक्रोळीत खिडकी, पंखा, एसी सगळं बंद करून बसायचं म्हणजे काय ते मी सांगायला नको, एकदा माझ्या कपाळावरचा घाम थेट कडप्प्यावर टपकला आणि बाविसाव्या फ्रेममध्ये तो धक्का आलाय. बाहेरच्या खोलीतून आई ओरडते, 'पंखा का बंद केलास रे, आम्ही काय उकडून मरायचं का', आणि ती आत डोकावली की दाराची हवा. म्हणून आता कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग (दर फ्रेमला फोकस आपोआप सरकवणारी सोय) लावतो, दहा सेकंदाचा टायमर देतो आणि मीच खोलीबाहेर जातो. तुमचा श्वास, तुमचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणं, सगळं फोटोत येतं. जिथे ब्रॅकेटिंग नाही अशा जुन्या बॉडीला यूएसबीने लॅपटॉप जोडून दुसऱ्या टोकावरून चालवता येतं.

तिसरी गोष्ट, फूल स्वतः हलणं. ही मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त आवडली. साधं लाल जास्वंद सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, एका दिवसाचं फूल. म्हणजे दिवसभर ते कुठल्या ना कुठल्या दिशेला चाललेलंच असतं. मी एक रविवार त्याचा टाइमलॅप्स घेतला तेव्हा दिसलं की सकाळी आठच्या आसपास पाकळ्या अजून मागे वळतायत आणि मधला केसरदांडा हळू हळू वर उचलला जातोय. मी नेमका त्याच वेळी स्टॅक काढत होतो, उजेड छान असतो म्हणून! तीस फ्रेमला चार मिनिटं लागत होती आणि तेवढ्यात फूल कितीतरी पिक्सेल सरकत होतं. मग वाटलं रात्री काढावं, रात्री दीडनंतर लोकल बंद, एकदम शांत, कवडसं हलत नाही. पण रात्री जास्वंद मिटलेलं. हे म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत. रात्रीच्या शांततेत निशिगंध किंवा रातराणी काढा, ती त्याच वेळची आहेत. जास्वंद मी आता साडेदहा-अकरानंतर काढतो, तेव्हा ते पूर्ण उघडून जरा थांबलेलं असतं, आणि चार मिनिटांचा स्टॅक दीड मिनिटात संपवतो.

कापलेल्या फुलांचं वेगळं. दादरच्या फूल मार्केटमधून पहाटे जरबेरा आणला, घरी येऊन लगेच लावला, तर तो पाणी प्यायला लागतो, ताठ होतो, वळतो. देठ पाण्याखाली धरून तिरका कापा आणि तासभर पाण्यात तसाच सोडा, मग शूट. फुलवाल्यांचा तो हिरवा फोम वापरत असाल तर देठ वजनाने त्याच्यात हळूहळू खचतो, तोही सरकतो. शिकायला म्हणून विचाराल तर जरबेरा, अँथुरियम, ऑर्किड घ्या, दिवसभर बऱ्यापैकी गप्प बसतात. जास्वंदाने सुरुवात करू नका, मी केली म्हणून सांगतोय. आणि जवळ गरम होणारा बल्ब लावू नका, पाकळी मऊ पडत जाते आणि प्रत्येक फ्रेमला थोडी खाली येते.

ट्रायपॉडचं डोकं झुकण्याचं थोडक्यात: घट्ट करून दोन मिनिटं हात काढून बसा, ते आपलं आपण बसतं, मग फ्रेम परत जुळवा. स्टॅबिलायझेशन बंद. डीएसएलआर असेल तर आतल्या आरशाचा दणका बसतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू किंवा मिरर लॉकअप. झालं.

लाइट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही पण शटर १/२५० वर असेल तर एखादी फ्रेम उजळ, एखादी काळपट, आणि स्टॅकमध्ये पाकळीवर डाग डाग. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर वरून आडवे पट्टे पण फुकट मिळतात. शटर १/१००, १/५०, १/२५ असं ठेवा, म्हणजे लुकलुक पूर्ण पूर्ण मोजली जाते आणि प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड येतो. ऑटो आयएसओ, ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो एक्स्पोजर सगळं बंद, हे वेगळं सांगायला नको. फ्लॅश वापरत असाल तर तो पूर्ण चार्ज व्हायच्या आत पुढची फ्रेम गेली की काळी येते, म्हणून फ्लॅशची पॉवर कमी ठेवा आणि फ्रेममध्ये दोन-तीन सेकंदाचा गॅप द्या. आणि पावसाळ्यात खिडकीच्या उजेडावर विसंबून राहू नका, ढग सरकला की उजेड निम्मा होतो. जाड पडदा ओढा आणि आतला लाइट लावा.

लाल जास्वंदाचा स्वतःचा एक खास लोच्या आहे जो पांढऱ्या तगरीला किंवा मोगऱ्याला येत नाही. एक्स्पोजर बरोबर दिसतं, नेहमीचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मस्त मधोमध, पण लाल चॅनल पूर्ण उडालेला असतो. पाकळीच्या शिरा, ती मखमल, सगळं एकसारखा लाल रंग होऊन जातं. आता सॉफ्टवेअर शार्प भाग कसा ओळखतं, तर तिथला बारीक कॉन्ट्रास्ट बघून. लालमध्ये कॉन्ट्रास्टच उरला नाही तर ते कुठलीही फ्रेम उचलतं, आणि पाकळीवर ढगासारखे ठिगळ येतात. मी याला बरेच दिवस फोकसची चूक समजत होतो. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकायचा थांबेपर्यंत एक्स्पोजर कमी करा, मला साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) कमी करावं लागतं. रॉमध्ये काढा, नंतर सगळ्या फ्रेमला एकच सेटिंग लावून उजळा. एकेका फ्रेमला हाताने सेटिंग करत बसू नका, त्याचेही पट्टे येतात.

आता पाकळीवरचे ते धूसर पट्टे, शार्प-धूसर-शार्प. याला आपल्यात कोणी वारा म्हणतं, कोणी लेन्स खराब म्हणतं, पण हे जवळजवळ नेहमी स्टेप मोठी झाल्याचं लक्षण. दोन फ्रेमच्या मधला भाग कुठल्याच फ्रेममध्ये फोकसला नव्हता, तर सॉफ्टवेअर बिचारं आणणार कुठून. एका फ्रेममध्ये पुढून मागे किती मिलिमीटर खोली शार्प येते त्याचा हिशोब असा आहे: एफ नंबर (लेन्सचं भोक किती उघडं त्याचा आकडा, मोठा आकडा म्हणजे बारीक भोक) गुणिले दोन, गुणिले ०.०२ (हा एपीएस-सीसाठी, फुल फ्रेमला ०.०३), मग मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळवून त्याने गुणा आणि मॅग्निफिकेशनच्या वर्गाने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये. एफ/८ ला एकास एक मॅग्निफिकेशन असेल तर येतात ०.६४ मिलिमीटर. अर्ध्या पटीला १.९ मिलिमीटर. पाव पटीला ६.४. हा फरक बघा, अर्ध्यावरून पावावर आलो तर खोली तिपटीहून जास्त वाढली. मॅग्निफिकेशन किती आहे हे कळत नसेल तर फुलाच्या जागी फुटपट्टी धरा, फ्रेममध्ये साधारण ४७ मिलिमीटर मावले तर अर्धी पट, कारण सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो.

जास्वंदाच्या केसरदांड्याचा पुढचा भाग, ते पाच मखमली ठिपके आणि त्यांच्या मागचे पिवळे परागकोश, एवढंच अर्ध्या पटीने काढायचं म्हटलं तर मला चार सेंटिमीटर खोली लागते. १.९ पैकी एक तृतीयांश ओव्हरलॅप ठेवला तर स्टेप १.३ मिलिमीटर, म्हणजे एकतीस फ्रेम. मी पूर्वी अंदाजाने पंधरा काढत होतो. पट्टे येणारच ना.

कोणी म्हणेल एफ/२२ लावून एका फोटोत काम करा. करून बघितलंय. अर्ध्या पटीला एफ/२२ लावलं की खऱ्या अर्थाने ते एफ/३३ होतं, कारण क्लोजअपमध्ये एफ नंबरला एक अधिक मॅग्निफिकेशनने गुणावं लागतं, आणि तिथे डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळा फोटोच मऊ पडतो. आणि खोली मिळते किती, तर सव्वापाच मिलिमीटर. चार सेंटिमीटर लांबच राहिले. एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा आणि फ्रेम वाढवा.

कॅमेऱ्यातल्या ब्रॅकेटिंगला स्टेप मिलिमीटरमध्ये देता येत नाही, कॅनन असो निकॉन असो, १ ते १० असा आकडा देतात, आणि तुमच्या लेन्सवर तुमच्या अंतराला ३ म्हणजे किती हे तुम्हालाच शोधायचंय. स्टीलची फुटपट्टी ४५ अंशात तिरकी ठेवा, दहा फ्रेमचा ब्रॅकेट काढा, आणि शार्प पट्टा दर फ्रेमला पट्टीवर किती मिलिमीटर पुढे जातो ते वाचा. पट्टी तिरकी आहे म्हणून आलेल्या आकड्याला ०.७ ने गुणा, ती खरी स्टेप. एकदा हे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकलं की आयुष्यभराचं काम. आणि एक, ब्रॅकेट सहसा जिथे फोकस आहे तिथून मागे मागे जातो, पुढे येत नाही. म्हणून सुरुवात सगळ्यात पुढच्या टोकाच्याही थोडी पुढून करा, पहिली फ्रेम पूर्ण धूसर आली तरी चालेल, उडवून टाका. मी कितीतरी वेळा परागकोशांपासून सुरुवात करून पुढचे ते पाच ठिपके धूसर ठेवलेत.

रेल (अख्खा कॅमेरा पुढेमागे सरकवणारी पट्टी) वापरू की लेन्सची रिंग फिरवू, हा प्रश्न असेल तर एकास एकच्या आत लेन्सची रिंग. रेलने अख्खा कॅमेरा पुढे जातो, त्यामुळे बघायचा कोन बदलतो, पुढचा परागकोश मागच्या पाकळीवर सरकलेला दिसतो आणि भुतं वाढतात. एकास एकच्या पुढे, म्हणजे नुसत्या परागकणांचा फोटो, तिथे रेल बरी. मी सुरुवातीला घेतलेली स्वस्त रेल एवढी ढिली होती की नॉब फिरवला की आधी हवा आणि मग हालचाल. ती आता कपाटात आहे. आणि रिंग फिरली की चित्राची साइज थोडी बदलते, सॉफ्टवेअर ती जुळवतं पण कडा कापल्या जातात, म्हणून फ्रेमिंग जरा ढिलं ठेवा.

हे सगळं करून टेस्ट पास झाली, स्टेप बरोबर आली, तरी ते उदबत्तीच्या धुरासारखं वलय राहतंच, आणि हे वलय कुठल्याही पाटाने जात नाही. कारण साधं आहे. मागची पाकळी जेव्हा फोकसमध्ये असते तेव्हा पुढचा परागकोश फुगून मोठा धूसर गोळा झालेला असतो, आणि तो गोळा त्या पाकळीचा शेजारचा भाग झाकतो. म्हणजे परागकोशाच्या लगतची पाकळी एकाही फ्रेममध्ये स्वच्छ दिसलेलीच नाही. इथे मेथड बदलून फरक पडतो. झेरीनमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप, हेलिकॉनमध्ये ए, बी, सी. पीमॅक्स आणि सी हे एकमेकांवरून जाणारे केस, पुंकेसर, तंतू यांना चांगले, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतात. डीमॅप आणि बी पाकळीचा रंग आणि मखमल नीट ठेवतात पण पुंकेसरांच्या कडांना गडबडतात. मी दोन्ही काढतो, डीमॅपवाला खाली ठेवतो आणि रिटचिंग ब्रशने पीमॅक्समधले फक्त पुंकेसर त्याच्यावर रंगवतो. वीस मिनिटं जातात, शांतपणे गाणी लावून करायचं काम. पैसे घालायचे नसतील तर हगिन आणि एनफ्यूज फुकट आहेत, पिकोले पण फुकट, फक्त एनफ्यूजला एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन शून्य आणि कॉन्ट्रास्टचं एक करायला विसरू नका, आणि हार्ड मास्क चालू, नाहीतर ते सगळ्या फ्रेमची सरासरी काढून चिखल करतं.

मागचा कागद साधा ठेवा, डिझाइनचा पडदा नको, अलाइनमेंट कधी कधी फुलाऐवजी पडद्यावरच्या नक्षीलाच धरते.

फ्रेम पळवून बघताना दिसलं की एकोणिसाव्यानंतर फूल हललंय, तर सगळं फेकू नका. एक ते एकोणीसचा वेगळा स्टॅक, वीस ते एकतीसचा वेगळा, आणि दोन्ही हाताने ब्रशने जोडा. जोड एखाद्या परागकोशाच्या कडेवर लपवा, पाकळीच्या मधोमध नको.

आणि तुम्हाला फोटोत ठिपक्यांची रांग दिसली, एकामागे एक मुंग्या चालल्यासारखी, तर ते किडे नाहीत, सेन्सरवरची एकच धूळ आहे. फ्रेम जुळवताना चित्र लहानमोठं होतं, त्यामुळे एक डाग प्रत्येक फ्रेममध्ये थोडा सरकतो आणि त्याची माळ होते. सेन्सर साफ करा. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून गॅलरीत कॅमेरा आणला की काचेवर वाफ धरते आणि पहिल्या दहा फ्रेम फिकट येतात, झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास बाहेर ठेवा मगच पिशवी उघडा.

बाहेरचं काय, हा प्रश्न येणारच, कारण कडप्पा घेऊन जंगलात कोण जाणार. याच्यात मी मोठा फटका खाल्लाय. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, संजय गांधी नॅशनल पार्कच्या डोंगरांवर २०१६ ला फुलली होती आणि नंतर २०२४ ला. २०२४ ला येऊरच्या बाजूने गेलो, जांभळा डोंगर, पाय ठेवायला जागा नाही एवढी फुलं, आणि मी घरच्या सवयीने अर्ध्या पटीने तीस-तीस फ्रेमचे स्टॅक काढले. वाऱ्याने एकही जमला नाही. एकही. आता पुढची संधी २०३२ ला.

तिथे करायला हवं होतं ते असं: मागे यायचं, पाव पटीला. ६.४ मिलिमीटर खोली मिळते, कारवीचं फूल तीनेक सेंटिमीटर धरलं तर सात-आठ फ्रेममध्ये संपतं, आयएसओ १६०० लावून शटर १/५०० ला न्यायचं, बर्स्टवर टाकून एका सेकंदात सगळं काढायचं, आणि वारा थांबलेल्या क्षणी असे दहा बर्स्ट घ्यायचे. दहातला एक लागतो. नंतर क्रॉप करायचं, चोवीस मेगापिक्सेल आहेत कशाला. सकाळी लवकर जायचं, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की विसरा. एका हाताने देठ धरायचा मोह होतो पण हाताला नाडी असते, त्यापेक्षा कबाबची बांबूची काडी जमिनीत खोचून देठाला टेकवा, आणि फूल तोडू नका, ते तिथलं आहे.

सध्या माझं जास्वंद दहापैकी आठ वेळा नीट येतं. उरलेले दोन मालगाडीचे. कृष्णकमळ मात्र अजून जमत नाहीये, त्याच्या त्या जांभळ्या तंतूंचा झुपका म्हणजे वलयांचं माहेरघर, शंभर फ्रेम काढून दहा-दहाचे गठ्ठे करून, प्रत्येक गठ्ठ्यात मागच्याच्या तीन फ्रेम ठेवून बघितलं, थोडं सुधारलं, पण मधल्या घेरात तंतू एकमेकांत विरघळतातच. शेजारच्या काकूंच्या वेलीला पुढच्या आठवड्यात दोन कळ्या उघडतील असं दिसतंय, तेव्हा या वेळी समोरून न काढता बाजूने काढून बघणार आहे, म्हणजे तंतू एकमेकांच्या मागे कमी लपतील.